ओठांत अडलेलं नाव

नाव सांगायची वेळ आली आणि नाव आलंच नाही. तसं पाहिलं तर घडलं ते एवढंच. विमा कंपनीच्या प्रशिक्षण विभागातला तो लांबट हॉल, एसीची घरघर, नव्यानं भरती झालेली पोरं-पोरी कडक इस्त्रीच्या कपड्यांत अवघडून बसलेली, आणि त्यांच्यासमोर तो. हातात मार्कर, चेहऱ्यावर वर्षानुवर्षं आरशासमोर तासून बेताचं केलेलं हसू. ‘नमस्कार,’ तो म्हणाला. ते नीट आलं. ‘पुढचे काही दिवस आपण बोलायला शिकणार आहोत.’ तेही आलं, मागच्या भिंतीपर्यंत जाऊन खणखणीत परत आलं. ‘माझं नाव—’ आणि तिथे गळ्यात कुणीतरी दुकानाचं शटर ओढावं तसं झालं. त्याचं नाव ओठ मिटून सुरू व्हायचं. ओठ मिटले ते मिटलेलेच राहिले. मागे हवा साठत गेली, छातीत, गळ्यात, गालांत. डाव्या डोळ्याची पापणी फडफडायला लागली आणि ती फडफड त्यानं ओळखली. खूप वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेला, मेला असेल असं सगळ्यांनी गृहीत धरलेला एखादा नातेवाईक दारात उभा राहावा आणि चपला काढून सरळ आत यावा, तशी ती आली. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं मान वर केली. मग तो वळला. फळ्याकडे तोंड करून त्यानं आपलं नाव मोठ्या, सुबक अक्षरांत लिहिलं, वळला आणि म्हणाला, ‘बघितलंत? सांगितलेलं नाव लोक विसरतात. लिहून दाखवलेलं लक्षात राहतं.’ हॉलमध्ये हशा पिकला. दोघा-तिघांनी ते वहीत उतरवूनसुद्धा घेतलं.

वेळ निभावून गेली. पुढचा तास नेहमीसारखा रंगला, ग्राहकाच्या डोळ्यांत कसं बघावं, नकार कसा ऐकावा, वाक्याच्या शेवटी आवाज का पडू देऊ नये, सगळं ठरल्या जागी आलं, ठरलेले विनोदही पिकले. पण घरात एकदा साप दिसला की माणूस जसा कपाटामागे, पलंगाखाली बघत वावरतो, तसा तो प्रत्येक वाक्यात वावरत होता. दोन वाक्यं पुढचा शब्द आधीच दिसायचा. हा ओठांचा. हा धोक्याचा. ‘पॉलिसी’ येणार होती, त्यानं ‘योजना’ म्हटलं. ‘बोनस’ येणार होता, त्यानं ‘वरची रक्कम’ म्हटलं. आणि हे करताना त्याच्या लक्षात आलं, की हे कौशल्य आपण कुठे शिकलो ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. बटाटे आणायला जाऊन कांदे घेऊन येणारा मुलगा होता तो. दुकानदारासमोर उभं राहायचं, मागे गिऱ्हाइकांची रांग, आणि ‘बटाटे’ काही केल्या ओठांच्या बाहेर पडायचे नाहीत. मग ‘कांदे’ म्हणायचं, कारण ‘कांदे’ यायचे. आई पिशवीत बघायची, मग त्याच्याकडे बघायची, आणि कांदे चिरायला बसायची. घरात त्या काळी कांद्याला तोटा नव्हता. वडिलांची तऱ्हा वेगळी. पाहुणे आले आणि कुणी कौतुकानं विचारलं, ‘काय रे, कितवीत?’ की वडील घाईघाईनं म्हणायचे, ‘आत जा रे, दूध उतू जातंय का बघ.’ तो आत जायचा. ओट्यावर दूध ठेवलेलंच नसायचं. तरी तो तिथे उभा राहायचा, थंड शेगडीकडे बघत, बाहेरची माणसं उठेपर्यंत. शाळेत त्याला ‘फटफटी’ म्हणायचे. पाढे म्हणायला उभा राहिला, की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, ‘किक मार, किक!’ आणि गंमत अशी, की तोही हसायचा. हसताना अडखळायला होत नसे.

मग कॉलेजच्या पहिल्या वर्षी त्याला मास्तर भेटले. नाटकवाल्यांना वाचा-उच्चार शिकवणारे, एका छापखान्याच्या वरच्या खोलीत राहणारे, ताठ पाठीचे मास्तर. त्यांनी त्याला जमिनीवर उताणं झोपवलं, पोटावर जाडजूड शब्दकोश ठेवला आणि सांगितलं, ‘आधी हा हलव. बोलायचं नंतर बघू.’ खालून यंत्रांचा धडधडाट यायचा, लाकडी जमीन थरथरायची, आणि तो शब्दकोश वर-खाली करत पडायचा. श्वासावर शब्द ठेवायचा, पानावर दिवा ठेवून पाण्यात सोडतात तसा, ढकलायचा नाही. सहा-आठ महिने गेले आणि एका संध्याकाळी तो दुकानात गेला आणि म्हणाला, ‘बटाटे द्या.’ दुकानदारानं बटाटे दिले. जगात कुणाचंच लक्ष नव्हतं. तो पिशवी घेऊन घरी आला आणि आईनं बटाटे बघितले आणि ती पदर तोंडाला लावून मोरीत जाऊन उभी राहिली.

तिथे थांबायला हवं होतं का, हा विचार त्याच्या मनात पूर्वी कधी आला नव्हता. जीभ सुधारते तर अक्षर का नाही? अक्षर सुधारलं. मग पाठीचा बाक. मग राग. राग तर त्यानं असा मुळासकट उपटला, की लोक म्हणायचे, या माणसाच्या डोक्यावर बर्फ ठेवलाय की काय. मग पहाटे उठणं, पळणं, कमी खाणं, नावं लक्षात ठेवणं, ऐकताना मध्ये न बोलणं, एक परकी भाषा, मग दुसरी. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे वाक्य तो नव्या भरतीला इतक्या वेळा सांगायचा, की त्याला कधीकधी आपल्या अंगावर खरोखरच छिन्नीचा आवाज ऐकू यायचा. त्याची कॉलेजात जाणारी मुलगी तर सरळ विचारायची, ‘बाबा, तुझं यंदाचं मॉडेल कधी येतंय बाजारात?’ तो हसायचा. बेताचं. बायको मात्र त्या विनोदाला हसत नसे. बायको एका इस्पितळाच्या औषधांच्या खिडकीवर बसायची आणि दिवसभर लोकांची अक्षरं वाचायची, डॉक्टरांची आणि चेहऱ्यांची. तिला त्याच्या जुन्या जिभेबद्दल काहीच माहीत नव्हतं. लग्नाआधी सांगायचं राहून गेलं. लग्न ठरलं तेच मुळी त्याच्या बोलण्यावर. कुणाच्या तरी निरोपसमारंभात तो बोलला आणि ती म्हणे ऐकत राहिली. मग सांगण्यासारखं आता उरलंय काय, असं त्यानं ठरवलं. आई-वडील ताकास तूर लागू न देता आपापल्या वेळी गेले. त्यांच्याबरोबर फटफटीही गेली, असं तो धरून चालला होता.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत विभागप्रमुख मॅडम त्याच्या टेबलाशी आल्या. बाई स्वभावानं सालस, कुणाला वर आवाज करून बोलल्याचं कधी कुणी ऐकलं नव्हतं. ‘उद्याचं लक्षात आहे ना?’ त्या म्हणाल्या. ‘सगळ्या शाखांचे व्यवस्थापक येणार. वरचे साहेबही येतायत. सुरुवात तुम्हीच करायची. आधी तुमची ओळख, मग विषय.’

‘ओळख तुम्हीच करून दिलीत तर?’ तो म्हणाला.

‘छे हो! तुम्ही स्वतःची ओळख करून देता तेव्हा तर खरी मजा येते. त्या सुरुवातीसाठी तर बोलावलंय लोकांना.’ मग जरा वाकून त्यांनी विचारलं, ‘बरं नाही का? चेहरा उतरलाय तुमचा.’

‘नाही, नाही. करतो,’ तो म्हणाला. सगळे शब्द निर्धोक होते. मॅडम समाधानानं गेल्या. त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत त्यानं मनातल्या मनात आपलं नाव घेतलं. मनातसुद्धा ते पहिल्या अक्षरावर थबकलं, किंवा त्याला तसं वाटलं. मनात अडखळणं तर त्याच्या लहानपणीही कधी झालं नव्हतं. तेव्हा आत सगळं स्वच्छ असायचं. आत तो वक्ता होता.

दाढेचं निमित्त काढून तो लवकर निघाला. मास्तरांकडे जायचं हे त्यानं ठरवलं असं नाही, पायांनीच ठरवलं. छापखाना बंद पडून तिथे आता मोबाइलचं दुकान झालं होतं, पण बाजूचा लाकडी जिना तोच होता, आणि कठड्याला तोच गुळगुळीतपणा. चढताना त्याच्या मनात एक चमत्कारिक सुख दाटून आलं. इतकी वर्षं सगळ्यांना शिकवलं, आता कुणीतरी आपल्याला जमिनीवर झोपवेल, पोटावर ओझं ठेवेल आणि सांगेल, आधी एवढं हलव. मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत होते. अंगानं निम्मे झालेले, डोळ्यांत मोतीबिंदूचं धुकं. सून दार उघडून आत गेली.

‘मास्तर, मी आलोय,’ तो म्हणाला.

‘थांब, नाव सांगू नकोस!’ मास्तरांनी हात वर केला. डोळे मिटले. ‘अजून एक वाक्य बोल.’

‘काय बोलू, मास्तर? बऱ्याच वर्षांनी आलो. जिना अजून तसाच आहे.’

‘वा!’ मास्तरांचा चेहरा आतून दिवा लावल्यासारखा उजळला. ‘माझा पहिला नंबर! अरे, तुझं नाव मी किती जणांना सांगितलंय, तुला कल्पना नाही. जो येईल त्याला सांगतो, एक मुलगा होता, असा असा, तो गेला तो परत आलाच नाही.’

त्याला नीट कळलं नाही. ‘म्हणजे, बाकीचे परत येतात?’

‘येतात म्हणजे? सगळेच येतात. कुणी वर्षानं येतो, कुणी लग्न ठरलं की येतो, कुणी पोरगं झाल्यावर. रडतात, मी पुन्हा श्वास देतो, जातात. पुन्हा येतात. दमा जातो का रे कधी कुणाचा? दबून बसतो. हेही तसलंच. सुरुवातीला मला वाईट वाटायचं, वाटायचं की आपण नुसतं पालथ्या घड्यावर पाणी ओततोय. मग तुझी आठवण यायची. म्हणायचो, एक तरी गेला ना पार. एक तरी सुटला.’ मास्तरांनी चाचपडत त्याचा हात शोधला आणि दोन्ही हातांत धरला. त्यांचे हात कागदासारखे कोरडे आणि हलके होते. ‘आज कसा काय आलास?’

आता. त्यानं तोंड उघडलं. सांगायचं होतं ते साधं होतं, सकाळपासून तयार होतं. आणि त्याच क्षणी त्याला जाणवलं, की घसा मोकळा आहे. पार मोकळा. दवाखान्याची पायरी चढली की दाढ दुखायची थांबते, तसं. त्यानं मुद्दाम ओठांचे शब्द काढून बघितले. पाऊस, बाजार, माणसं, भाकरी. सगळे सुळकन बाहेर आले. शेवटी त्यानं आपलं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. ते पाण्यावरून दिवा जावा तसं गेलं. मास्तर डोळे मिटून, मान हलवत, गाणं ऐकावं तसं ऐकत होते. दाखवायला आणलेलं दुखणं जिन्यातच राहिलं होतं. नुसतं तोंडानं सांगितलं तर मास्तरांनी विश्वास ठेवला असता का? ठेवला असता. आणि मग त्यांच्याजवळचा तो एकही गेला असता. त्यांच्यासाठीच आपण गप्प राहिलो, असं त्याला स्वतःला पटवायचं होतं, पण ते पुरतं खरं नव्हतं. त्या कोरड्या हातांत आपला हात असताना, आपण पहिला नंबर असताना, त्याला बरं वाटत होतं. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

‘सहज आलो, मास्तर,’ तो म्हणाला. ‘इकडून चाललो होतो.’

‘येत जा रे,’ मास्तर म्हणाले. मग हसले. ‘नाही, नको. तू नको येऊस. तू न येण्यातच सगळं आहे.’

घरापर्यंतचं अंतर तो चालत गेला. दुकानांतले दिवे लागत होते. पुलाखालून जाताना, कुणी नाही असं बघून, त्यानं आपलं नाव मोठ्यानं घेतलं. आलं. पुन्हा घेतलं. पुन्हा आलं. खांबाला टेकून झोपलेल्या कुत्र्यानं एक डोळा उघडून त्याच्याकडे बघितलं आणि मिटला. पण एकट्यानं बोलताना तर लहानपणीही यायचं, गच्चीवर त्यानं टाकीला उद्देशून केवढाली भाषणं ठोकली होती. त्यात काय मोठंसं. आपण इतकी वर्षं चढत होतो, असं त्याला वाटायचं, एकेक पायरी, मागे न बघता. आज मागे बघितलं तर खाली तळमजल्यावर तो मुलगा तसाच उभा होता, थंड शेगडीकडे बघत, पाहुणे जायची वाट बघत. त्याला कुणी वर आणलंच नव्हतं. त्याच्यावर नुसते मजले चढवत नेले होते. आणि मजले चढवणारा आता म्हातारा होत चालला होता, गुडघे कुरकुरत होते, परकी भाषा विसरायला लागली होती. सकाळी पळताना पोरीसोरी पुढे निघून जायच्या. उद्या तो मुलगा बोलायला उभा राहील, सगळ्या शाखांच्या व्यवस्थापकांसमोर. तेवढा एकच माणूस शिल्लक आहे, असं त्याला स्पष्ट दिसलं, आणि त्यावर करण्यासारखं काही सुचलं नाही. प्रत्येक गोष्टीवर काहीतरी करता येतं, हे सांगायचाच तर त्याला पगार मिळत होता.

बायको सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. दिवसभर एका जागी बसून तिचे घोटे सुजायचे. त्याच्याकडे बघून तिनं पाय खाली घेतले. ‘काय झालं?’

ती नेहमी ‘आलात?’ म्हणायची. आज ‘काय झालं’ म्हणाली. त्यामुळे त्याचा बांध फुटायला आला. तो तिच्यासमोरच्या खुर्चीत बसला, बूटसुद्धा न काढता. आता सांगायचं. पहिल्यापासून नाही, नुसतं एक वाक्य. मला भीती वाटते. तीन शब्दांचं वाक्य, लहान पोरसुद्धा म्हणतं. इतक्या वर्षांत त्यानं हे वाक्य कुणापुढे उच्चारलं नव्हतं. भीतीवर मात कशी करावी यावर मात्र तो दोन-दोन तास बोलायचा.

‘मला,’ तो म्हणाला. ‘मला भ—’

शटर पडलं. या वेळी सकाळच्यासारखं नव्हे. या वेळी फळा नव्हता, वळायला जागा नव्हती. ओठ एकमेकांवर दाबले जाऊन पांढरे झाले, पापणी फडफडली, हनुवटी थरथरायला लागली, मान एका बाजूला खेचली गेली. ‘भ, भ, भ—’ आणि पुन्हा काहीच नाही. नुसती हवा. त्यानं डोळे उघडे ठेवले होते आणि त्याला बायकोचा चेहरा दिसत होता, त्यावरचा रंग उतरताना दिसत होता.

‘अहो!’ ती ताडकन उठली. ‘अहो, काय होतंय? इकडे बघा. माझ्याकडे बघा!’ तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिचा आवाज एकदम औषधांच्या खिडकीतला झाला, तुटक आणि स्पष्ट. ‘दोन्ही हात वर करा. करा वर. दोन्ही!’

त्यानं हात वर केले. कुणी पिस्तूल रोखावं तसा तो आपल्याच घरात हात वर करून बसला.

‘हसून दाखवा. हसा बघू.’

तो हसला. ते आरशातलं हसू आलं, दोन्ही बाजूंनी सारखं, बेताचं. तिचे खांदे खाली आले. ‘तोंड वाकडं नाही,’ ती स्वतःशी म्हणाली. ‘हातही समान आहेत. देवा! पण चला, तरी दाखवून येऊ. रिक्षा बोलावते.’

त्यानं जोरजोरात मान हलवली. नको. पुन्हा प्रयत्न केला, ‘भ, भ—’

‘काय भ? काय सांगायचंय?’ ती गुडघ्यांवर बसली, त्याच्या ओठांकडे बघत, कोड्यात अक्षर भरावं तशी. ‘भाऊ? भावाचा फोन आला? नाही? मग... भांडण? ऑफिसात भांडण झालं?’

तिच्या डोळ्यांत इतकी आर्जवं होती. तिला एक शब्द हवा होता, कुठलाही, रिक्षेपेक्षा आणि इस्पितळापेक्षा लहान. त्यानं तिच्याकडे बघितलं. आणि मान डोलावली.

‘भांडण!’ ती जमिनीवरच बसली. आधी तिला रडू आलं आणि मग त्यातच हसू फुटलं. ‘तुम्ही? तुम्ही भांडलात? म्हणून एवढी दातखीळ बसली होय! अहो, संसार झाला आपला, एकदा धड भांडला नाहीत माझ्याशी. मी भांडी आपटायची आणि तुम्ही म्हणायचात, “तुझी बाजू मला समजते.” डोकं फोडून घ्यावंसं वाटायचं मला!’ तिनं डोळे पुसले. ‘माणूस आहात म्हणजे. बाई गं, किती बरं वाटलं मला.’ मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, ‘ए, ये बाहेर! तुझा बाबा भांडून आलाय!’

मुलगी कानांतलं काढत बाहेर आली. ‘कोण? बाबा? कुणाशी?’

दोघी त्याच्याकडे बघत होत्या. असं त्या त्याच्याकडे कधी बघत नसत. घरात नवीन माणूस यावा आणि तो आवडावा, तशा.

‘मॅडमशी,’ तो म्हणाला.

शब्द आला. ओठ मिटले आणि उघडले, दार उघडावं तसे.

‘त्या तुमच्या विभागप्रमुख? सालस म्हणायचात ना तुम्ही त्यांना?’ बायको म्हणाली. ‘मला कायम वाटायचं, पाणी मुरतंय कुठेतरी. काय म्हणाल्या त्या?’

त्या काहीच म्हणाल्या नव्हत्या. बरं नाही का, असं विचारलं होतं त्यांनी, वाकून. ‘म्हणाल्या, तुमचं बोलणं आता पूर्वीसारखं राहिलं नाही,’ तो म्हणाला. ‘सगळ्यांदेखत म्हणाल्या.’

‘काय सांगतोस!’ मुलगी त्याच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली. ‘मग तू काय म्हणालास?’

‘मी म्हटलं, बरोबर आहे. मग बोला तुम्हीच. उद्याचा कार्यक्रम तुमचा तुम्ही करा, मी काही तिथे उभा राहायचा नाही.’

‘शाब्बास!’ बायकोनं त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. हात तिथेच ठेवला. ‘बरं केलंत. उद्या रजाच टाका. बसा घरी. आपण बाहेर जाऊ कुठेतरी. मग? पुढे काय झालं?’

उद्या दहा वाजता त्याला त्या हॉलमध्ये उभं राहायचं होतं आणि नाव सांगायचं होतं. हे आता सांगायला हवं, असं त्याला वाटलं, आत्ता, या क्षणी, गोष्ट आणखी पुढे जाण्याआधी. पण तिचा हात उबदार होता आणि मुलीचा खांदा त्याच्या खांद्याला लागला होता, आणि जीभ कधी नव्हे इतकी हलकी झाली होती. तो सांगत गेला. मॅडमनी टेबलावर फाइल कशी आपटली, तो कसा उठून उभा राहिला, त्याचा आवाज कसा चढला. प्रत्येक वाक्याआधी तो वाट बघत होता, इथे अडेल, इथे तरी अडेल. पण बोलणं, भांडण, मॅडम, पगार, अपमान, एकामागून एक शब्द स्वच्छ, गोल, खणखणीत बाहेर पडत राहिले, आणि समोरच्या दोघी श्वास रोखून ऐकत राहिल्या.